बॅकअपमध्ये ‘इनपुट/आउटपुट एरर’ आला तर काय करायचं: पहिल्या तासापासून नवी डिस्क लागेपर्यंत

रोज रात्री बॅकअप चालतो, सकाळी मेल येतो आणि सगळं ठीक असतं म्हणून तो मेल कोणी उघडतही नाही. मग एके दिवशी त्यात एक अनोळखी ओळ दिसते: ‘रीड एरर, इनपुट/आउटपुट एरर’. सर्व्हर चालू असतो, वेबसाइट उघडते, ऑफिसात कोणाची तक्रार नसते. नवख्या माणसाला साहजिकच वाटतं की बॅकअपच्या प्रोग्रॅमचीच काहीतरी भानगड आहे, पुन्हा चालवून बघू.

पुन्हा चालवण्याआधी हा एरर बॅकअपमध्येच का दिसला ते समजून घ्या. रोजच्या कामात डिस्कचा फार थोडा भाग वाचला जातो. चालू वर्षाचे हिशेब, आजचे मेल, डेटाबेसची नेहमीची टेबलं, एवढंच. 2014 साली स्कॅन करून ठेवलेले फोटो कोण उघडतो? आणि सेक्टर (डिस्कवरचा वाचण्या-लिहिण्याचा सगळ्यात लहान तुकडा) खराब झालाय हे डिस्कला तो वाचायला गेल्याशिवाय कळत नाही. पूर्ण बॅकअप हे असं काम आहे की ज्यात प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. वर्षअखेरीला दुकानातला माल मोजायला काढला की मागच्या फळीवरचं कुजलेलं पोतं सापडतं, तसंच हे. रोजच्या बॅकअपमध्ये फक्त बदललेल्या फाइली घेतल्या जात असतील तर बिघाड कदाचित काही महिन्यांपूर्वीचा असेल, बातमी आज आली.

म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: आधी जे वाचता येतंय ते वाचवायचं, मग कारण शोधायचं आणि दुरुस्तीला सगळ्यात शेवटी हात घालायचा. हा क्रम उलटा झाला की वाचवता आला असता तो डेटाही जातो.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. जिथे स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. उदाहरणं लिनक्सची, ईएक्सटी-4 फाइलसिस्टिम आणि साध्या साटा डिस्कची आहेत. बीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या सिस्टिमवर काय वेगळं ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.)

सगळ्यात आधी: जुना बॅकअप सुरक्षित करा

क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतली) बॅकअपची ओळ तात्पुरती बंद करा. बहुतेक स्क्रिप्ट सात किंवा चौदा दिवसांच्या प्रती ठेवतात आणि त्याहून जुनी प्रत आपोआप पुसतात. तुमची खराब झालेली फाइल शेवटची नीट वाचली गेली ती कदाचित नेमक्या त्या पुसल्या जाणाऱ्या प्रतीत आहे. एरर येत असताना स्क्रिप्ट तशीच चालू ठेवली तर दोन आठवड्यांनी सगळ्या प्रती सारख्याच अर्धवट होतात. जुन्यातली जुनी चांगली प्रत बाजूला काढा, तिला वेगळं नाव द्या, आणि शक्य असेल तर ती दुसऱ्या मशीनवर हलवा.

या टप्प्यावर एफएसके (एफ-एस-सी-के) चालवू नका. ते फाइलसिस्टिमचा हिशेब जुळवण्यासाठी डिस्कवर लिहितं, आणि वाचताच न येणाऱ्या डिस्कवर असं लिहिणं म्हणजे होतं ते नुकसान वाढवणं. बॅडब्लॉक्स हे साधनही आत्ता नको. त्याचा डॅश डब्ल्यू हा पर्याय तर अख्खी डिस्क पुसतो. उगाच रीबूटही करू नका. फिरती डिस्क आजारी असेल तर बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती उठेलच याची खात्री नसते. याला एकच अपवाद. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक् टक् असा आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा. तो आवाज हेडचा असतो, आणि प्रत्येक मिनिटाला पृष्ठभाग खराब होण्याचा धोका असतो. तिथून पुढचं काम घरी करायचं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे.

संदेश शब्दन् शब्द वाचा

बॅकअपच्या लॉगमध्ये लाल रंगाचं जे काही दिसतं ते सगळं डिस्कचं दुखणं नसतं. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे वाचायची परवानगी नाही, बॅकअप रूट म्हणून (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) चालवा. ‘फाइल चेंज्ड अ‍ॅज वी रेड इट’ म्हणजे वाचत असतानाच कोणीतरी ती फाइल बदलली. चालू डेटाबेसच्या फाइली थेट उचलल्या की हे हमखास येतं. ‘स्टेल फाइल हँडल’ हा एनएफएसचा (नेटवर्कवरून फोल्डर वापरण्याच्या सोयीचा) प्रश्न. ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ आला तर फाइलसिस्टिमची आतली मांडणी बिघडली आहे. त्यामागे डिस्क असेलही, नसेलही. आपल्याला शोधायचाय तो ‘इनपुट/आउटपुट एरर’. याचा सिस्टिममधला क्रमांक 5 आहे, आणि आर-सिंक या फाइलींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये कंसात तो 5 दिसतोही.

एरर आल्यावर प्रत्येक प्रोग्रॅम वेगळं वागतो. नवख्यांचा घात सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर.

ग्नू टार (अनेक फाइलींचं एकच आर्काइव्ह बनवणारा प्रोग्रॅम) फाइल वाचता वाचता अडखळला तर त्या फाइलचा उरलेला भाग शून्यांनी भरून पुढे जातो. म्हणजे आर्काइव्हमध्ये फाइल दिसते, तिचा आकारही बरोबर दिसतो, पण आत मधूनच शून्यं सुरू होतात. टारने शेवटी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो निकालाचा आकडा, 2 दिलेला असतो. (कोड 1 म्हणजे काही फाइली मध्येच बदलल्या, 0 म्हणजे सगळं ठीक.) आता तुमच्या स्क्रिप्टकडे बघा. टारचं आउटपुट पाइपने जी-झिपकडे पाठवलेलं असेल तर शेल फक्त शेवटच्या कमांडचा, म्हणजे जी-झिपचा कोड बघतो. जी-झिपला मिळालेलं त्याने नीट दाबलं, त्याचा कोड 0. त्यामुळे टार ओरडत असतानाही मेलमध्ये ‘यशस्वी’ असंच येतं. बॅशमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट डॅश ओ पाइपफेल’ ही एक ओळ घातली की हे थांबतं. हा लेख अर्ध्यात सोडणार असाल तरी ही ओळ आधी घालून या.

आर-सिंक याबाबतीत जास्त सांभाळून वागतो. वाचताना एरर आला तर पोचलेली प्रत पडताळणीत नापास होते, ती टाकून दिली जाते आणि पलीकडची जुनी प्रत जागेवर राहते. शेवटी कोड 23 मिळतो. (24 म्हणजे काही फाइली मध्येच नाहीशा झाल्या, टेम्पररी फाइलींमुळे असं होतं, घाबरायचं कारण नाही.) शिवाय डिलीट पर्याय लावलेला असला तरी एरर आल्यावर तो पलीकडच्या फाइली पुसायचं थांबवतो आणि तसं लॉगमध्ये लिहितो. हे संरक्षण ‘इग्नोर एरर्स’ या पर्यायाने बंद पडतं. कोणी कुठून तरी स्क्रिप्ट उचलताना तो पर्याय आणला असेल तर काढून टाका.

डंप हे साधन फाइलींच्या मार्गाने न जाता थेट पार्टिशनमधून ब्लॉक वाचतं. लिनक्सवर ते पहिले 32 रीड एरर स्वतःच पचवतं आणि त्यानंतर पुढे जायचं का असं विचारतं. एरर बत्तीसपेक्षा कमी असताना ‘डंप इज डन’ दिसतंच, म्हणून शेवटची ओळ बघून समाधान मानू नका. आणखी एक: माउंट केलेल्या, चालू फाइलसिस्टिमवर डंप घेतला तर मेटाडेटा (कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब) पायाखालून बदलत असतो आणि डिस्क ठणठणीत असूनही भलत्याच ब्लॉक क्रमांकांचे एरर येऊ शकतात. फ्रीबीएसडीवर यासाठी कॅपिटल एल हा पर्याय आहे, त्याने आधी स्नॅपशॉट, म्हणजे फाइलसिस्टिमचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र, घेतला जातो.

दोष खरंच डिस्कचा आहे का?

‘इनपुट/आउटपुट एरर’ म्हणजे खालच्या थराने डेटा दिला नाही, एवढंच. खालचा थर कोणता ते आपण शोधायचं.

एनएफएसवरचं फोल्डर ‘सॉफ्ट’ पर्यायाने माउंट केलेलं असेल तर नेटवर्क थोडा वेळ गेलं तरी हाच एरर येतो. यूएसबीची डिस्क मध्येच सुटली तरी हाच. त्यातही वायर न हलता सुटते, कारण पोर्ट पुरेशी वीज देत नाही.

एलव्हीएमचा (लिनक्समधल्या डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा) स्नॅपशॉट घेऊन त्यातून बॅकअप करत असाल तर आधी ‘एल-व्ही-एस’ कमांड देऊन स्नॅपशॉट किती टक्के भरलाय ते बघा. बॅकअप चालू असताना मूळ व्हॉल्यूमवर खूप लिहिलं गेलं आणि स्नॅपशॉटसाठी राखलेली जागा संपली की तो बाद होतो आणि त्यापुढचं प्रत्येक वाचन एरर देतं. ओळखायची खूण सोपी आहे: काही वेळ सगळं सुरळीत, मग एका क्षणापासून झाडून सगळ्या फाइलींना एरर, आणि मूळ फाइल मात्र बिनबोभाट उघडते. इथे डिस्क बदलून काही होणार नाही, स्नॅपशॉटला जागा वाढवून द्या.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टिम प्रत्येक ब्लॉकची चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवतात. वाचलेला डेटा चेकसमशी जुळला नाही आणि दुसरी चांगली प्रत नसली तर चुकीचा डेटा देण्याऐवजी ते एरर देतात. म्हणजे डिस्कने वाचनात काहीच तक्रार केलेली नसताना एरर येऊ शकतो. अशा वेळी रॅमवरही संशय घ्या, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा. झेडएफएसवर ‘झेडपूल स्टेटस डॅश व्ही’ दिलं की बिघडलेल्या फाइलींची यादी नावानिशी मिळते. ही सोय बाकीच्यांकडे असती तर पुढचा निम्मा लेख लिहावा लागला नसता.

आणि एक क्वचित येणारं पण हैराण करणारं कारण: पार्टिशन फाइलसिस्टिमपेक्षा लहान असणं. आधी फाइलसिस्टिम लहान न करता कोणी पार्टिशन लहान केलं की असं होतं. कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तेव्हा ‘अटेम्प्ट टू अ‍ॅक्सेस बियाँड एंड ऑफ डिव्हाइस’ असं स्पष्ट लिहितो.

कर्नेलला विचारा

आता मुख्य साक्षीदार. रूट होऊन डीमेसेज (डी-एम-ई-एस-जी) कमांड द्या, सोबत कॅपिटल टी हा पर्याय, म्हणजे वेळ वाचता येईल अशी दिसते. मशीन मध्ये रीबूट झालं असेल तर ‘जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी डॅश 1’ मागच्या बूटचा लॉग देतं, अर्थात तो डिस्कवर साठवला जात असेल तर. फ्रीबीएसडीवर व्हार-लॉगमधली मेसेजेस फाइल बघा. बॅकअपच्या लॉगमधली वेळ आणि इथली वेळ जुळवा. त्या मिनिटाला कर्नेल गप्प असेल तर दोष बहुधा वरच्या थरात आहे, मागचा भाग पुन्हा वाचा.

कर्नेल बोलला असेल तर साधारण अशी ओळ सापडेल: ‘आय/ओ एरर, डेव्ह एसडीए, सेक्टर 48763912’. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच्या वरच्या ओळींत महिरपी कंसात छोटे शब्द असतात, आणि निकाल त्यांच्यावरच लागतो.

‘यू-एन-सी’ असेल तर डिस्कने सेक्टर वाचला, पण त्यातला डेटा एरर करेक्शनने दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेलाय. त्याच्या जोडीला ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ दिसतं. हे डिस्कचं स्वतःचं दुखणं.

‘आय-सी-आर-सी’ असेल तर डिस्कने डेटा बरोबर वाचला, पण तो वायरमधून जाताना बिघडला. दोष केबलचा, कनेक्टरचा, क्वचित वीजपुरवठ्याचा किंवा कंट्रोलरचा. कोकणात, गोव्यात दमट हवेत कनेक्टरवर गंज चढतो, तिथे ही शक्यता आधी धरावी. मशीन बंद करून साटाची केबल नवी लावा, दुसऱ्या पोर्टला जोडा. एकाच पॉवर वायरला स्प्लिटर लावून चार-चार डिस्क लटकवल्या असतील तर त्या वाटून द्या. शे-दीडशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क टाकून देणारे लोक आहेत.

स्मार्टचे कोणते आकडे बघायचे

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिलाच स्मार्ट म्हणतात. ती वाचायला स्मार्टमाँटूल्स हे पॅकेज लागतं आणि कमांड आहे स्मार्टसीटीएल (एस-एम-ए-आर-टी-सी-टी-एल), डॅश ए, आणि पुढे डिस्कचं नाव. यूएसबीच्या डबीतली डिस्क माहिती देत नसेल तर ‘डॅश डी सॅट’ जोडून बघा.

भलामोठा तक्ता येतो, पण कामाच्या ओळी मोजक्या. शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा बघायचा.

5 क्रमांकाची ओळ म्हणजे किती सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले गेले. 197 म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. तुमचा बॅकअप जिथे अडला तो बहुधा यातच मोजलेला असतो. 198 ही त्याची सख्खी बहीण, डिस्कने स्वतः तपासणी करताना वाचता न आलेले सेक्टर. 187 म्हणजे संगणकाला कळवलेले असे एरर. आणि 199 हा केबलचा मोजमाप: वायरमध्ये बिघडलेल्या डेटाची संख्या. 199 कधीच कमी होत नाही, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून घाबरू नका. केबल बदलल्यावर तो तिथेच थांबला का, एवढंच बघायचं.

एनव्हीएमई डिस्कला हे क्रमांक नसतात. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ ही ओळ शून्य हवी आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ उंबरठ्याच्या बराच वर हवा.

तक्त्याच्या वर ‘पास्ड’ असं ठळक लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. तो निकाल कंपनीने ठरवलेल्या उंबरठ्यांवर लागतो, आणि शेकडो सेक्टर वाचता येत नसलेली डिस्कही पास होते. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी निघाल्या. डिस्कमध्ये पहिला स्कॅन एरर दिसल्यानंतरच्या 60 दिवसांत ती मरण्याची शक्यता, एकही एरर नसलेल्या डिस्कच्या 39 पट होती. आणि मेलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आकडे वाढले तर गंभीरपणे घ्या. शून्य असले तरी बॅकअप सोडू नका.

स्मार्टमध्ये लांब चाचणीही आहे, ‘डॅश टी लाँग’. ती सगळा पृष्ठभाग वाचते, मोठ्या डिस्कला कित्येक तास घेते आणि पहिल्या न वाचलेल्या सेक्टरचा क्रमांक देऊन बहुधा तिथेच थांबते. पण यू-एन-सी आधीच दिसला असेल तर ही चाचणी आत्ता लावू नका. डिस्कमध्ये उरलेली ताकद डेटा काढण्यात खर्च व्हायला हवी.

डेटा बाहेर काढा

डिस्कचाच दोष आहे हे ठरलं. पहिला प्रश्न: यातलं खरोखर न मिळणारं काय आहे? ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकता येते. घरचे फोटो, ग्राहकांची बिलं, प्रेसमध्ये वर्षानुवर्षं जमवलेल्या मराठी पुस्तकांच्या पेजमेकर फाइली पुन्हा मिळत नाहीत. ती फोल्डर आधी साध्या आर-सिंकने चांगल्या डिस्कवर घ्या. मग उरलेल्या डिस्कची अख्खी प्रत.

अख्ख्या प्रतीसाठी बरेच लोक डीडी ही डिस्क ब्लॉकमागून ब्लॉक उतरवणारी कमांड वापरतात, ‘कॉन्व्ह’मध्ये ‘नोएरर’ घालून. त्यासोबत ‘सिंक’ विसरलं तर न वाचलेला तुकडा वगळला जातो, पुढचा सगळा डेटा तेवढा मागे सरकतो आणि प्रत फाइलसिस्टिम म्हणून निरुपयोगी होते. ‘सिंक’ घातलं पण ब्लॉकचा आकार वेगासाठी एक एमबी ठेवला तर 512 बाइट खराब असताना अख्ख्या एमबीचं नुकसान होऊ शकतं. शिवाय डीडी खराब जागेवर तिथल्या तिथे झगडत बसतं.

या कामाला डीडी-रेस्क्यू, म्हणजे ग्नू ‘डी-डी-आर-ई-एस-सी-यू-ई’, वापरा. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव सुरुवातीला जी लावून आहे. (मध्ये अंडरस्कोअर असलेला याच नावाचा दुसरा प्रोग्रॅमही आहे, त्याचे पर्याय वेगळे आहेत.) त्याची रीत आपल्या उद्दिष्टाशी तंतोतंत जुळते: आधी सहज वाचता येतं ते सगळं घ्यायचं, अडलं की ती जागा सोडून पुढे जायचं, आणि अवघड जागांकडे नंतर वळायचं. कुठपर्यंत काय झालं हे तो मॅपफाइलमध्ये लिहितो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

तयारी अशी करा. आजारी डिस्क अनमाउंट करा. तीच सिस्टिमची डिस्क असेल तर मशीन लाइव्ह यूएसबीवरून चालू करा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. मग ‘एल-एस-बी-एल-के’ कमांडला मॉडेल आणि सिरियल नंबर दाखवायला सांगा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ते नंबर जुळवा. एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात, आणि इथे नावांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क चांगल्या डेटावर लिहिली जाते. शक्य असेल तर शेजारी एखाद्या सहकाऱ्याला बसवा आणि नंबर मोठ्याने वाचून घ्या.

पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, डॅश एफ, डॅश एन, मग आजारी डिस्क, मग नवी डिस्क, मग मॅपफाइलचं नाव. डॅश एन म्हणजे खरवडत बसू नको. डॅश एफ लागतो कारण थेट डिस्कवर लिहायचं आहे. मॅपफाइल या दोन्ही डिस्कवर ठेवू नका, लाइव्ह यूएसबीवरून चालवत असाल तर रॅममध्येही नको, तिसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. ही फेरी संपेपर्यंत बहुतेक वेळा जवळजवळ सगळा डेटा बाहेर आलेला असतो.

दुसरी फेरी: तीच कमांड, तीच मॅपफाइल, फक्त डॅश एनच्या जागी ‘डॅश डी’ आणि ‘डॅश आर 3’. म्हणजे कर्नेलची कॅश टाळून थेट वाच आणि उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न कर. ही फेरी मुंगीच्या पावलांनी चालते. पडदा अर्धा तास हलला नाही तरी बहुधा काम चालूच असतं: साधी डिस्क एकेका सेक्टरवर मिनिटभरही झगडू शकते.

यानंतर सगळे प्रयोग नव्या प्रतीवर. एफएसके आता चालवा, पण प्रतीवर.

कोणती फाइल गेली?

मालकाला ‘सेक्टर 48763912 गेला’ असं सांगून उपयोग नाही. त्याला फाइलचं नाव हवं असतं, आणि ते शोधता येतं.

एफडिस्कला डॅश एल देऊन पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं ते बघा. समजा 2048. कर्नेलने दिलेला आकडा अख्ख्या डिस्कच्या सुरुवातीपासून, 512 बाइटच्या हिशेबात असतो. त्यातून 2048 वजा केले की उरतात 48761864. फाइलसिस्टिमचा ब्लॉक बहुधा 4096 बाइटचा, म्हणजे आठ सेक्टरचा. (ट्यून-टू-एफएस डॅश एल देऊन खात्री करा.) आठने भागलं की ब्लॉक क्रमांक मिळाला: 6095233.

आता डीबगएफएस हे साधन त्या पार्टिशनवर उघडा. सांगितल्याशिवाय ते लिहित नाही. ‘आयचेक 6095233’ असं विचारलं की त्या ब्लॉकचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलसिस्टिममधला त्या फाइलचा नोंदणी क्रमांक, मिळतो. मग ‘एनचेक’ आणि तो आयनोड क्रमांक दिला की समोर फाइलचा पूर्ण मार्ग येतो. ब्लॉक सापडला नाही असं उत्तर आलं तर तो बहुधा रिकामा आहे किंवा फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या मेटाडेटाचा. रिकामा असेल तर नशीब चांगलं.

एवढं गणित नको असेल तर सगळ्या फाइली एकदा वाचून एरर गोळा करायचे: फाइंडने प्रत्येक फाइल शोधून कॅटला द्यायची, आउटपुट डेव्ह-नलमध्ये (तिथे पाठवलेलं सगळं नाहीसं होतं) आणि एरर एका फाइलमध्ये. मात्र हे फक्त मूळ डिस्कवर चालतं, कारण प्रतीवर खराब जागी नुसती शून्यं किंवा त्या डिस्कवर आधी जे होतं तेच असतं आणि ते बिनतक्रार वाचलं जातं. आणि हेच काम टारकडून करवून घ्यायला जाऊ नका. आउटपुट डेव्ह-नल आहे हे ग्नू टारच्या लक्षात येतं आणि तो फाइली उघडून वाचतच नाही. मिनिटभरात ‘सगळं ठीक’ निघतं आणि माणूस फसतो. टारच हवा असेल तर आउटपुट पाइपने कॅटकडे द्या आणि कॅटचं डेव्ह-नलमध्ये.

गेलेल्या फाइलींची यादी झाली की सुरुवातीला बाजूला काढून ठेवलेली जुनी प्रत उघडा. तिथून त्या फाइली काढा, आणि प्रत्येक फाइल उघडून बघा. पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत, झिप ‘अनझिप डॅश टी’ने. आकार बरोबर असणं पुरेसं का नाही हे टारच्या प्रकरणात वर पाहिलंच.

ती डिस्क पुन्हा वापरायची का?

तांत्रिकदृष्ट्या एक वाट आहे. 197 मधल्या सेक्टरवर नव्याने काहीतरी लिहिलं की डिस्क तो तपासते आणि चालेनासा असेल तर राखीव सेक्टर लावते. 197 शून्यावर येतो, कधी 5 एकाने वाढतो. अचानक वीज गेल्यामुळे अर्धवट लिहिला गेलेला सेक्टर असेल तर असं एकदा लिहिल्यावर डिस्क पुढे वर्षानुवर्षं चालतेही. एचडीपार्मने एकच सेक्टर लिहिता येतो, पण ती कमांड ‘मी काय करतोय ते मला कळतंय’ अशा अर्थाचा लांबलचक पर्याय टाइप केल्याशिवाय चालतच नाही, आणि ते योग्यच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. एखाददुसरा सेक्टर होता, नव्याने लिहिल्यावर लांब चाचणी पार पडली आणि पुढचा महिनाभर 5 आणि 197 हलले नाहीत, तर ती डिस्क पुन्हा डाउनलोड करता येईल अशा गोष्टींसाठी ठेवा. आकडे वाढत असतील तर एक दिवसही नको. आणि बॅकअप ठेवण्यासाठी अशी डिस्क कधीच नको, ‘शिल्लक होती म्हणून’ सुद्धा.

रेडमध्ये (अनेक डिस्क जोडून एकच डिस्क म्हणून चालवायच्या मांडणीत) असलेली डिस्क असेल तर थोडं वेगळं. चांगला जोडीदार असताना लिनक्सचं एमडी-रेड न वाचलेला ब्लॉक दुसरीकडून आणून पुन्हा लिहितं. पण साधी डिस्क एका सेक्टरवर मिनिटापेक्षा जास्त अडकते, कर्नेल 30 सेकंदांनी कंटाळतो, आणि एका सेक्टरसाठी अख्खी डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाऊ शकते. डिस्कला सोय असेल तर स्मार्टसीटीएलच्या ‘एससीटीईआरसी’ पर्यायाने ही मर्यादा 70, म्हणजे सात सेकंद करा. सोय नसेल तर कर्नेलची मर्यादा 180 सेकंदांवर न्या.

नवी डिस्क लागल्यावर

क्रॉनची ओळ पुन्हा चालू करण्याआधी पाइपफेल घातलंय ना, ते बघा. यश आणि अपयश यांचे मेल वेगळ्या विषयओळींनी येऊ द्या, म्हणजे एकाच साच्यातल्या मेलच्या ढिगात एरर दडणार नाही. स्मार्टडी ही स्मार्टच्या आकड्यांवर नजर ठेवणारी सेवा चालू करून रोज छोटी आणि आठवड्याला किंवा महिन्याला लांब चाचणी लावा, बॅकअपच्या वेळेशी टक्कर होणार नाही अशी. झेडएफएस, बीटीआरएफएसवर महिन्याला स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं. रोजच्या चौदा प्रतींसोबत महिन्याची एक प्रत वर्षभर ठेवा, कारण बिघाड उशिरा कळतो हेच या सगळ्याचं मूळ आहे.

पहिला पूर्ण बॅकअप झाला की त्यातून एक मोठं फोल्डर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा. तोवर काढलेली डिस्क पुसू नका आणि भंगारातही देऊ नका. तिच्यावर तारीख आणि ‘खराब, लिहू नये’ असं मार्करने लिहा, मॅपफाइलची एक प्रत सोबत जपा. वॉरंटी असेल तर मुदत तपासा, पण डिस्क परत पाठवण्याआधी तिच्यातला डेटा पुसायचा आहे हे ध्यानात ठेवा. ग्राहकांची माहिती असलेली डिस्क पुसली जात नसेल, तर वॉरंटीवर पाणी सोडून ती फोडलेली बरी.